निळ्या दोऱ्याचे गाऊन

कार्यक्षमता मोजायला माणूस येणार असं कळलं, तेव्हा शिवणखोलीतल्या बायकांनी सगळ्यात आधी खोली झाडून काढली. कोळिष्टकं काढली, खिडकीच्या काचा पुसल्या, मशिनींना तेल दिलं आणि कपाटावर कित्येक वर्षं पडून असलेली मोडकी इस्त्री एकदाची भंगारात दिली. कार्यक्षमता म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्यातल्या एकीलाही धड सांगता आलं नसतं. पण पाहुणा यायचा तर पसारा दिसता कामा नये, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि तो माणूस तर पसाराच बघायला येणार होता.

ही शिवणखोली एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात होती, धुलाईघराला लागून. भिंतीपलीकडे दिवसभर मोठाली यंत्रं घरघरत. वॉर्डांतून आलेले कपडे तिथे धुऊन, वाळवून निघत आणि त्यातला फाटका-उसवलेला माल ट्रॉलीत भरून इकडे येई. चादरींना ठिगळं लावायला मशिनी होत्या. पण खरं काम पेशंटच्या गाऊनचं. त्या गाऊनना पाठीवर नाड्या असतात, आणि दुखणाईत माणूस त्या नाड्यांचं काय करील याचा नेम नाही. ओढतो, चावतो, एखादा तर बोटाला गुंडाळत बसतो. नाडी जिथे बसते तो काठ इतका जाड की मशीनची सुई हमखास मोडायची, म्हणून नाड्या हातानेच टाचायच्या. लांब टेबलाभोवती पाच जणी बसत आणि नाड्या टाचत.

खोलीची जबाबदारी जिच्यावर होती, तिला आपण भाची म्हणू, कारण तिची आत्या तिथेच खिडकीपाशी बसायची आणि ती सगळ्या इस्पितळाचीच आत्या झालेली होती. भाचीची आई ती लहान असतानाच गेली. आत्याने लग्न केलं नाही, भावाची लेक वाढवली, तिला शिवण शिकवलं, इथे चिकटवलं, आणि पुढे भाची तिच्याच वर मुकादम झाली तेव्हा साऱ्या धुलाईघराला पेढे वाटल्यासारखा चेहरा करून हिंडली. बाकी तिघी म्हणजे रेडिओ, शिडी आणि लेकुरवाळी. रेडिओचं तोंड कधी बंद नसे. शिडीला वरच्या फळीवरचं सगळं स्टुलाशिवाय काढता येई. लेकुरवाळीची दोन लहानगी पाळणाघरात असत आणि पाच वाजले की तिचं लक्ष घड्याळावरून हलत नसे. या तिघींनाही नाडी टाचायला आत्यानेच शिकवलं होतं.

आत्याला दिसत नव्हतं, ही त्या खोलीतली उघड गोष्ट होती. उघड सगळ्यांना, फक्त आत्याला सोडून. म्हणजे तिला उजेड कळे, माणूस कळे, रंगाचा अंदाज येई. पण सुईचं नाक, बारीक टाका, यातलं काही नाही. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मागची नसच सुकत चालली आहे. हे त्यांनी भाचीला बाजूला घेऊन सांगितलं आणि भाचीने बाहेर येऊन आत्याला सांगितलं, "वयोमानाप्रमाणे आहे म्हणाले. थेंब घालायचे." तिथून सगळं सुरू झालं.

रोज सकाळी भाची पंधरा-वीस सुया ओवून आत्याच्या उशीत खोचून ठेवायची. "सगळ्यांसाठीच ओवते गं, वेळ वाचतो," म्हणायची. आणि आत्याच्या टोपलीतले गाऊन बाकीच्या चौघी वाटून घेत. त्याचा क्रम ठरलेला होता. आज तू, उद्या मी. आत्या चहाला उठली की टोपलीतले चार-सहा गाऊन उचलायचे, टाचायचे, गुपचूप परत टाकायचे. संध्याकाळी आत्या टोपलीवर हात ठेवून बघायची, ढीग बरा लागला की समाधानाने चष्मा पुसायची. तो चष्मा आता तिच्या काही उपयोगाचा नव्हता, पण पुसायची छान.

हे पाप होतं का? मला नाही वाटत. निवृत्तीचं वय उलटून गेलेल्या आत्याला दरवर्षी मुदतवाढ मिळत होती, आणि ती खिडकीजवळची खुर्ची म्हणजे तिचं सर्वस्व होतं. घरी तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकदा तिने चहाचं फडकं पेटत्या शेगडीवर ठेवलं होतं, तेव्हापासून भाचीच्या नवऱ्याने तिला स्वयंपाकघरात मनाई केली. गोड बोलून केली, पण केलीच. घरी ती पलंगाच्या कडेवर, कुणाच्या वाटेत येऊ नये अशी बसायची. इथे आली की तिचा आवाजसुद्धा मोठा व्हायचा.

येता-जाता मात्र ती भाचीला हात धरू द्यायची नाही. भाचीच्या पिशवीचा पट्टा धरायची, तोही पिशवी जड आहे म्हणून मदत करते आहे, अशा थाटात.

तर मोजणीसाहेब आला. त्याचं हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. ते रेडिओने पहिल्याच दिवशी तोडून मोजणीसाहेब करून टाकलं. बायकांना वाटलं होतं, कुणी छडी घेऊन येईल. हा तर सर्दीने बेजार झालेला, खिशात दोन रुमाल बाळगणारा, हळू बोलणारा माणूस निघाला. त्याने आत्याला "आजी, बसा बसा" म्हटलं.

"आजी कुणाची?" आत्या म्हणाली. "इथे मला सगळे आत्या म्हणतात. आणि मी बसलेलीच आहे."

तो हसला, शिंकला, आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "हे बघा, मी कुणाचं काम काढून घ्यायला आलेलो नाही. तुम्ही आज किती करता ते मला कळलं, तर त्यात थोडी सुधारणा कशी होईल ते सांगता येईल. जमणारच नाही असं उद्दिष्ट देऊन काय उपयोग? कागदावर छान दिसतं, बस्स. म्हणून पहिल्यांदा मला खरं सांगा, कुणाला काय जड जातं? कुणाला बसायचा त्रास, कुणाला डोळ्यांचा, कुणाला हाताचा. धुलाईघरात निरनिराळी कामं आहेत. ज्याला जे जमेल ते देता येतं."

डोळ्यांचा म्हणाला तेव्हा चौघींच्याही सुया थांबल्या. शिडीने भाचीकडे पाहिलं. भाचीने हातातल्या नाडीकडे पाहिलं. खिडकीतून उजेड येत होता आणि आत्या त्या उजेडात मान ताठ करून बसली होती.

"काही नाही साहेब," भाची म्हणाली. "सगळं व्यवस्थित आहे."

"कुणालाच काही नाही?"

"नाही हो," रेडिओ म्हणाली. "उलट आत्यांना बघा, आमच्या सगळ्यांच्या गुरू. या वयात!"

आत्याने चष्मा पुसला. माणूस सरळ विचारत होता, ऐकायला तयार होता, आणि यांनी मूग गिळले. त्या दिवशी त्या खोलीत खरं बोलायला काही खर्च येणार नव्हता. पुढे खर्च वाढतच गेला.

मोजणी दोन आठवडे चालली. कोणतं काम कुणाचं हे कळावं म्हणून मोजणीसाहेबाने एक सोपी युक्ती काढली: प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. भाचीला हिरवा, रेडिओला लाल, शिडीला पिवळा, लेकुरवाळीला जांभळा. आत्याला निळा. संध्याकाळी तो टोपल्या मोजायचा, आणि दिवसभरात कधी दारापाशी, कधी कोपऱ्यात स्टूल टाकून बसायचा.

आता पंचाईत अशी, की त्याच्यासमोर क्रम ठरवायचा कसा? आज तू, उद्या मी, हे बोलणार कुठे? डोळ्यांनी खुणा कराव्यात तर तो माणूस नेमका तेव्हाच शिंकून वर बघायचा. तेव्हा झालं असं, की चौघींनी आपापल्या मनाशी ठरवलं: बाकीच्यांना जमायचं नाही, आत्याचं मलाच बघायला हवं. प्रत्येकीने निळ्या दोऱ्याचं एक-एक रीळ पदराआड नेलं. तो रुमाल शोधायला किंवा चहाला गेला की प्रत्येकजणी खाली मान घालून भराभर निळे टाके घालायची आणि येता-जाता आत्याच्या टोपलीत टाकायची. रोज सात-आठ गाऊन. प्रत्येकीचे. आणि मोजणी चालू आहे म्हणून आपलंही काम पडायला नको, तेव्हा चौघी अशा राबल्या की जेवणाचे डबे अर्धे परत जायला लागले. दोरा देणारा भांडारवाला एकदा दारात येऊन म्हणाला, "निळा काय खाता की काय?"

त्या दिवशी संध्याकाळी भाचीने आत्याच्या टोपलीत हात घातला आणि दचकली. ढीग तिच्या अंदाजापेक्षा फार मोठा होता. तिने वरवर उलटून पाहिलं, तर रेडिओचे दुहेरी गाठीचे, शिडीचे लांब टाक्यांचे, लेकुरवाळीचे दोरा दाताने तोडलेले, सगळेच त्यात. आत्याचे स्वतःचे तळाशी, थोडे. तिच्या लक्षात आलं. पण मोजणीसाहेब पेन काढून उभाच होता. आता काय काढून घेणार? दुसऱ्या दिवसापासून आपण कमी टाकू, असं तिने ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी धीर झाला नाही. बाकीच्यांनी थांबवलं तर?

निकाल सांगायला तो आला तेव्हा चेहरा उजळलेला होता आणि सर्दीही कमी होती. चौघींचं काम साधारण सारखं, दिवसाला अठ्ठावीसच्या आसपास. आणि आत्याचं बेचाळीस.

"बेचाळीस!" तो म्हणाला. "मी अनेक ठिकाणी मोजणी केली, पण असं पाहिलं नाही."

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. आत्या मात्र हळूच म्हणाली, "मला वाटलंच होतं, हात चांगला चालतोय या दिवसांत." आणि मग तिचा चेहरा असा फुलला, की तो पाहून त्या चौघींना आनंदही झाला आणि तोंडचं पाणीही पळालं.

कारण पुढचं वाक्य ठरलेलंच होतं. "सगळ्यात वयस्क बाई बेचाळीस करते. मी बाकीच्यांकडून बेचाळीस मागत नाही. छत्तीस. हळूहळू, तीन महिन्यांत. त्याहून खाली सलग राहिलं तर काम बदलून बघू. छत्तीस जमण्यासारखं आहे ना?"

जमण्यासारखं होतं, हीच तर गंमत. अठ्ठावीस आपले आणि आठ आत्याचे, छत्तीस. त्या माणसाचं गणित अगदी बरोबर उतरलं होतं. फक्त आत्याच्या टोपलीत कुणी हात घालायचा नाही, एवढीच अट होती, आणि ती त्याला माहीत नव्हती.

पुढचे दिवस वाईट गेले. दोरा परत पांढरा झाला, पण टोपल्या रोज मोजल्या जाऊ लागल्या. सुरुवातीला चौघींनी दोन्ही डगरींवर हात ठेवून पाहिला. छत्तीसही करायचे आणि आत्याचेही. लेकुरवाळीच्या नाकी नऊ आले. पाच वाजले तरी टोपली भरायची राहिलेली असे, म्हणून ती पाळणाघरात उशिरा पोचायची, आणि तिची पोरं दारात शेवटची उरलेली असायची. शिडीचा खांदा धरला. रेडिओ बोलेनाशी झाली. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आत्या. बेचाळीसने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं.

"हात चालवा गं," ती खिडकीतून म्हणायची. "तरण्याताठ्या तुम्ही. मी काय करते ते बघा. दोरा लांब घ्यायचा नाही. आणि मन कामात पाहिजे. तू सारखी घड्याळ बघतेस, म्हणून मागे राहतेस."

हे लेकुरवाळीला. लेकुरवाळीच्या मांडीवर त्या वेळी आत्याचाच गाऊन होता.

एक दिवस आत्या हात धुवायला गेली तेव्हा रेडिओने नाडी टेबलावर आपटली. "सांग तिला. नाहीतर मी सांगते."

"थोडे दिवस," भाची म्हणाली.

"कसले थोडे दिवस? माझे बत्तिसावर अडलेत. हिची पोरं रडत असतात. तुझी आत्या आम्हाला वर शहाणपण शिकवते आणि आम्ही मान डोलवायची?"

"अगं, आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी पहिली म्हटलंय. ते कसं काढून घेऊ? तूच सांग, कुठल्या तोंडाने सांगू?"

रेडिओने आपटलेली नाडी परत उचलली. पण त्या दिवसापासून एकेकीने आत्याच्या टोपलीतून हात काढून घेतला. कुणी ठरवून नाही. आधी लेकुरवाळीने, मग शिडीने. शेवटी एकटी भाची उरली आणि तिच्यावर तर सगळ्या खोलीचा आकडा होता; तिलाही आत्याचे दोन-चारच्या वर जमेनात. चौघींच्या टोपल्या छत्तिसावर आल्या. मोजणीसाहेबाने वरिष्ठांना कळवलं की शिवणखोलीने उद्दिष्ट गाठलं; बेचाळीस करणाऱ्या आत्याची टोपली मोजायची त्याला आता गरजच वाटत नव्हती.

आत्याची टोपली पंधरावर आली, मग बारावर.

आत्या संध्याकाळी ढिगावर हात ठेवायची आणि हात खाली-खाली जायचा. पहिल्या दिवशी तिने गाऊन हाताने पुन्हा मोजले. दुसऱ्या दिवशी तिने टोपली पायाशी ओढून घेतली. तिसऱ्या दिवशी चहाला जाताना टोपली बरोबर नेली. आणि चौथ्या दिवशी, सगळ्यांसमोर, लेकुरवाळीकडे तोंड करून म्हणाली, "माझ्या टोपलीतले काढतेस ना तू?"

लेकुरवाळीला आधी कळलंच नाही.

"लवकर जायचं असतं तुला. म्हणून माझे उचलून आपल्यात टाकतेस. मागच्या महिन्यात तुझी टोपली अठ्ठावीस, आता छत्तीस. माझी बेचाळीस, आता बारा. मला दिसत नाही असं वाटलं का तुला?"

लेकुरवाळी उठली. तिच्या ओठांवर सगळं आलं होतं. एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती. तिने भाचीकडे पाहिलं. आणि भाची, जी खोलीची मुकादम होती, जिला आत्याने आईच्या जागी राहून वाढवलं होतं, ती म्हणाली, "जाऊ दे आत्या. मी बघते."

मी बघते! म्हणजे चोरी झाली असं कबूलच केलं की. लेकुरवाळी बाहेर गेली आणि वाळवणीच्या यंत्रामागे उभी राहून रडली. त्यानंतर ती भाचीशी कामापुरतंच बोलायची. भाचीला रात्री झोप लागेना. चूक आपली आहे हे तिला ढळढळीत दिसत होतं, आणि रोज सकाळी ती पुन्हा सुया ओवत होती.

कपडे फिरून येतात, हे धुलाईघरात कामाला असलेल्यांनी तरी विसरायला नको होतं. गाऊन वॉर्डात जातो, कुणाच्या तरी अंगावर चढतो, नाडी ओढली जाते, धुतला जातो आणि परत त्याच टेबलावर येतो. एका सकाळी ट्रॉली रिकामी करताना शिडीच्या हाताला निळा टाका लागला. तिने तो गाऊन पटकन खाली सरकवला. पण तो एकटा नव्हता. त्या दोन आठवड्यांतला माल पहिला फेरा पुरा करून आला होता. त्यातले तीन-चार आत्याच्या वाट्याला गेले.

आत्याने एक डोळ्यांजवळ नेला. "हा कुठला रंग गं?"

रेडिओने आपल्या समोरचा निळा गाऊन खाली ओढून घेतला.

"निळा ना? माझाच." तिला केवढा आनंद झाला. तुटकी नाडी तिने सोडून दिली आणि जी शाबूत होती तिच्यावरून अंगठा फिरवला, आपलं काम कसं टिकलं ते बघायला. अंगठा एका जागी थांबला. परत मागे गेला. तिने गाऊन ठेवला आणि दुसरा घेतला. मग तिसरा.

"दुहेरी गाठ," आत्या म्हणाली. "किती वेळा सांगितलं तुला, एकच घाल, दुहेरी टोचते पेशंटला." ती रेडिओशी बोलत होती, पण तिच्याकडे पाहत नव्हती. "हा लांब टाका शिडीचा." चौथा गाऊन तिने बराच वेळ हातात ठेवला. नाडीच्या टोकाशी दोऱ्याचा चुरगळलेला शेंडा होता. "आणि ही दाताने तोडते."

लेकुरवाळीने मान खाली घातली.

"मी तुला चोर म्हटलं," आत्या तिला म्हणाली. "आणि तू ऐकून घेतलंस."

"जाऊ द्या हो, आत्या."

"जाऊ द्या कसं?" मग ती भाचीकडे वळली. मोठ्याने बोलली नाही. मोठ्याने बोलली असती तर भाचीला बरं वाटलं असतं. "किती दिवस चाललंय हे? मोजणीच्या आधीपासून?"

"वर्ष-दीड वर्ष," भाची म्हणाली.

आत्याने सुयांची उशी जवळ ओढली, ओवलेल्या सुयांवरून बोट फिरवलं. "आणि या सगळ्यांसाठी नसतात." तिने प्रश्न म्हणून विचारलं नव्हतं.

दुपारी ती भिंत धरत-धरत मोजणीसाहेबाच्या खोलीत गेली. भाची मागोमाग आली, तिला दारातच थांबवलं, पण दार लावून घेतलं नाही. "साहेब," आत्या म्हणाली, "मला परत मोजा. एकटीला. बाकीच्यांनी हात टेबलाखाली ठेवायचे. आणि माझ्या सुया मीच ओवणार."

त्याने कारण विचारलं. तिने सांगितलं, एका दमात, कुणाला दोष न देता. म्हणाली, "पोरींचा आकडा माझ्यामुळे चुकला. त्यांना मान मोडेपर्यंत काम करायला लावू नका. माझं काय करायचं ते करा."

दुसऱ्या दिवशी तिची मोजणी झाली. जिभेवर दोरा ओला करून ती पुन्हा पुन्हा सुईचं नाक शोधत होती, आणि चार बायका हात मांडीवर घेऊन बघत बसल्या होत्या. उठून मदत करायची नाही म्हणजे काय असतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. संध्याकाळपर्यंत सहा गाऊन झाले. सहाच्या सहा नाड्या सरळ, गाठ एकेरी, आतल्या बाजूला. मोजणीसाहेबाने ते मोजले आणि बराच वेळ रुमाल शोधत राहिला.

बाकीच्यांचं उद्दिष्ट त्याने तीसवर आणलं. लेकुरवाळीला पाचला सोडायचं ठरलं. भाचीला त्याने बाहेर बोलावलं. रागावला असता तरी चाललं असतं, पण त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"मी पहिल्या दिवशी विचारलं होतं," तो म्हणाला. "डोळ्यांचं नाव घेऊन विचारलं होतं. पलीकडे वाळलेले कपडे हाताने चाचपायचं काम होतं. शिवणीत ओल राहते, ती यंत्राला कळत नाही, माणसाच्या बोटांना कळते. तिथे कुणीतरी हवंच होतं. मी डोळ्यांसमोर ठेवून आलो होतो ती जागा. बेचाळीस करणाऱ्या बाईला तिथे कशाला हलवायचं, म्हणून गेल्या महिन्यात बाहेरून माणूस घेतला."

"आता काही करता येणार नाही?"

"मुदतवाढ महिन्याअखेर संपते. नवी देताना कारण लिहावं लागतं. मी काय लिहू?"

भाची परत आत गेली आणि उद्याच्या सुया ओवायला बसली. मग आठवलं की आता ओवायच्या नाहीत.

शेवटच्या दिवशी रेडिओने काही बोलायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी ती रडायलाच लागली आणि आत्यानेच तिला समजावलं. लेकुरवाळीने आपल्या धाकट्याला आणलं होतं. त्याला आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्याने त्याच्या सदऱ्याचं बटण चाचपलं आणि म्हणाली, "हे सैल आहे. आज घरी गेल्यावर लाव." मग खुर्ची टेबलाखाली सरकवली, चष्मा पिशवीत टाकला आणि निघाली.

दोघी नेहमीच्या रस्त्याने घरी चालल्या होत्या. दुकानांत दिवे लागत होते. आत्याने पिशवीचा पट्टा धरला होता.

"एक सांग," ती म्हणाली. "त्या निळ्या दोऱ्याच्या दिवसांत माझे स्वतःचे किती व्हायचे गं? परवा सहा झाले, ते सुया ओवण्यात वेळ गेला म्हणून. तेव्हा किती?"

भाचीला आकडा माहीत होता. ती रोज संध्याकाळी टोपलीच्या तळातले आत्याचे गाऊन शोधून बघायची; एकेरी गाठ तिला अंधारातही ओळखता आली असती.

"चौदा," ती म्हणाली.

आत्या थांबली. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून पुढे गेली.

"पुन्हा घातलेस ना माझ्या टोपलीत?"

भाचीने पिशवी सावरली.

"खरा सांग. माझा आहे तो."

"दहा."

"दहा," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "दहा काही वाईट नव्हते गं. तू तेव्हाच साहेबाला दहा सांगितले असतेस, तर उद्या मी कामावर गेले असते."

पुढे मोठा रस्ता होता. तो ओलांडायला तिने पट्टा सोडला आणि आपणहून हात पुढे केला.